वेळास : रिकाम्या खोल्या आणि कासवांची अंडी

वेळास म्हटलं की आधी कुठलं वेळास ते विचारून घ्यावं लागतं. एक श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या बाजूला. दुसरं सावित्रीच्या दक्षिणेला, बाणकोटच्या पुढे, मंडणगड तालुक्यात. कासवं बघायला निघालेली माणसं पहिल्या वेळासला पोचल्याचे आणि मग खाडी ओलांडायला फेरीबोटीची वाट बघत बसल्याचे किस्से दोन्हीकडे ऐकायला मिळतात. मी लिहितो आहे ते दुसऱ्या वेळासबद्दल.

रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक. महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे बाणकोटचा किल्ला, पलीकडे हरिहरेश्वर. बाणकोटहून समुद्राच्या कडेने येणारा रस्ता वेळासला आला की आत वळतो आणि डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या सपाटीत शिरतो. दोन्ही हातांना नारळ-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे, गडग्यांमधून घरांकडे जाणाऱ्या पायवाटा. समुद्र कुठेच दिसत नाही. रात्री वारा पडला की गाज तेवढी ऐकू येते. पुळणीवर जायचं तर गावातून निघून चांगलं चालावं लागतं. वाटेत खारफुटी लागते, मग सुरूचं बन, आणि ते संपलं की एकदम मोकळी वाळू.

गाव आणि पुळण यांच्यातल्या या अंतराचा पुढच्या सगळ्या गोष्टीशी संबंध आहे. वेळासच्या किनाऱ्याला लागून घरं नाहीत, त्यामुळे रात्री तिथे दिवा नसतो. अंडी घालायला आलेली मादी उजेड दिसला की परत फिरते, आणि पिल्लं वाळूतून बाहेर आली की ज्या बाजूचं आभाळ उजळ त्या बाजूला पळतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. ज्या गावांनी घरं आणि हॉटेलं वाळूला भिडवली, तिथे पिल्लं रस्त्याकडे जातात. वेळासच्या जुन्या माणसांनी वादळवाऱ्याला आणि बहुधा समुद्रावरून येणाऱ्यांना भिऊन घरं आत बांधली असावीत. कासवांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात असायचं कारण नव्हतं. फायदा मात्र कासवांना झाला.

गाव सोडणाऱ्यांचं गाव

गावात शिरताना ‘नाना फडणवीसांचं गाव’ ही ओळख आधी भेटते. नानांचा अर्धपुतळा आहे, महालक्ष्मी-रामेश्वराचं देऊळ आहे, आणि ते देऊळ नानांनी बांधल्याचं गाव सांगतं. पण नानांचा जन्म इथला नव्हे. बाळाजी जनार्दन भानू जन्मले साताऱ्याला, १२ फेब्रुवारी १७४२ रोजी. वेळास हे भानू घराण्याचं मूळ गाव. उत्तरेकडच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे घाटावर जायला निघाले, तेव्हा वेळासचे भानू त्यांच्याबरोबर गेले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि भानूंच्या घराण्याकडे फडणिशी आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ मध्ये पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि तिथल्या दंगलीत मारले गेले. नातवाला त्यांचंच नाव ठेवलं. या घराण्याचं कर्तृत्व घडलं सातारा, पुणे आणि मेणवलीत. वेळासच्या वाट्याला आलं देऊळ आणि नाव.

शेजारच्या बाणकोटची कथा याहून वेगळी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळात हिंमतगड म्हणून ओळखला गेलेला हा किल्ला १७५५ मध्ये, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले तेव्हा, इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, आणि १७५६ च्या तहाने पेशव्यांनी तो त्यांना रीतसर देऊन टाकला. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभार इंग्रजांनी काही काळ बाणकोटहून चालवला. १८२२ मध्ये ते ठाणं रत्नागिरीला हललं. तेव्हापासून या कोपऱ्याकडे सत्तेचं कधी फारसं काम पडलं नाही.

गिरण्या सुरू झाल्या, मग कचेऱ्या, मग गोदी आणि बेस्ट, तसतशी माणसं मुंबईला गेली. हे काही एकट्या वेळासचं नाही. सगळं दक्षिण कोकण मनीऑर्डरवर जगलं. पण याचा परिणाम घरांवर कसा दिसतो ते वेळासमध्ये नीट बघता येतं. घरं मोठी. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि न्हाणीघर, वर माळा. दहा-पंधरा माणसांच्या हिशेबाने बांधलेली. आत राहणारी दोन. शिमग्याला पालखी नाचवायला आणि गणपतीला मुंबईकर येतात, आठ दिवस घर भरतं, मग खोल्यांना कड्या लागतात. मागे राहिलेल्यांनी शिंपणं करायचं, पोफळीवर चढणारा गडी शोधायचा, सुपारी वाळवायची, वानरांना हाकलायचं.

गावाची २००२ सालची ही मिळकत ध्यानात ठेवावी : अंधारी पुळण, मोठी घरं, रिकाम्या खोल्या, आणि चार माणसांचा स्वयंपाक चाळीसांचा करायची सवय असलेल्या बायका. यातल्या एकाही गोष्टीला कुणी संपत्ती समजत नव्हतं.

अंडी

कोकणच्या किनाऱ्यावर येणारी कासवं मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ दोन-सव्वादोन फुटांची, वजन चाळीस किलोच्या आसपास. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे ती हजारोंनी एकदम येतात. आपल्याकडे तसं होत नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये, रात्री, एखादीच मादी भरतीबरोबर येते. वाळूतून वर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबते. हे आपटणं पाहिलेली माणसं सांगतात की जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो. मग ती परत जाते आणि पुन्हा त्या अंड्यांकडे बघत नाही.

वाळूत तिचा माग उरतो, लहान ट्रॅक्टर फिरल्यासारखा. तो माग पहाटे बघणारी माणसं गावात पूर्वीपासून होती. काठी वाळूत खुपसत जायचं. दाबलेल्या वाळूत ती अडते, घरट्यावर आली की भसकन आत जाते. अंडी काढायची, खायची, विकायची. कायद्याने हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण पहाटे पुळणीवर अनुसूची कोण वाचतो? माणसांच्या हातून जे राहील ते कोल्हे, कुत्री आणि घोरपडी नेत.

देवळात शंकराच्या पिंडीसमोर दगडी कासव असतं, कूर्म हा विष्णूचा दुसरा अवतार, हे गावाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. देवळातल्या कासवाला नमस्कार आणि पुळणीवरच्या कासवाची अंडी टोपलीत, या दोन गोष्टी वर्षानुवर्षं एकाच गावात सुखाने नांदल्या. श्रद्धेने आपोआप संरक्षण होतं असं जे मांडतात त्यांनी याचा विचार करावा.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत या किनाऱ्यावर फिरत होते. तेव्हा त्यांना कासवाची उकरलेली घरटी दिसली. त्याच हंगामात वेळासला काम सुरू झालं आणि पन्नासेक घरटी राखून अडीच हजारांहून अधिक पिल्लं समुद्रात गेली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाची खरी मेख इथे आहे. घरटी राखणार कोण? बाहेरून आलेल्याला वेळासची पुळण रात्री वाचता येत नाही. भरती कुठवर चढते, मादी कुठल्या बाजूने येते, कुठली वाळू भुसभुशीत, हे ज्याला ठाऊक तो एकच माणूस, काठी खुपसणारा. संस्थेने गावातलीच माणसं हाताशी धरली आणि त्यांच्या जागरणाचा मोबदला दिला. पुढे त्यांना कासवमित्र हे नाव पडलं. माणूस तोच, पहाट तीच, काठीही तीच. अंडी आता घरी न जाता पुळणीवरच राखणीसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत जाऊ लागली. चोरीच्या ज्ञानाला चोरी ठरवून हाकलून दिलं असतं तर त्याच्याबरोबर ते ज्ञानही गेलं असतं.

काम साधं वाटतं, पण नाजूक आहे. अंडी घातल्यावर थोड्याच तासांत हलवावी लागतात, कारण गर्भ एकदा कवचाला चिकटला की अंडं फिरवणं म्हणजे तो मारणं. कुंपणाच्या आत मूळ घरट्याइतकाच खोल, तसाच मडक्यासारखा खड्डा करायचा, मूळ घरट्यातली वाळू आणायची, अंडी तशीच रचायची. पाटीवर क्रमांक, तारीख, संख्या. मग पन्नासेक दिवस वाट बघायची. वाळू किती तापते त्यावर नर होणार की मादी हे ठरतं. ऊन जास्त तर माद्या जास्त. दिवस भरत आले की घरट्यावर वेताची टोपली पालथी घालून ठेवतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

टोपलीखाली काही नसण्याबद्दल

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. लोकांनी यावं, पिल्लं समुद्रात जाताना बघावी, गावात राहावं. राहायचं कुठे? हॉटेल नव्हतं, आणि ते नसणंच पथ्यावर पडलं. खोल्या होत्याच. कड्या काढल्या, सारवलं, गाद्या मुंबईकरांच्या होत्या त्याच घातल्या.

आम्ही उतरलो त्या घरी नवरा-बायको दोघंच होती, दोघंही साठीच्या पुढची. आमच्यासह पाहुणे अठरा. काकूंकडे शाळेची दोनशे पानी वही. त्यात डाव्या पानावर पाहुण्यांची नावं आणि माणसं, उजव्या पानावर नारळ किती फोडले, दूध किती घेतलं, गॅस कधी लागला. पहाटे साडेपाचला मागच्या पडवीत चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं आणि काकू विळीवर बसून खोबरं खवत होत्या. दुपारी ओल्या काजूंची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि पानात एकेक उकडीचा मोदक. सगळ्या घरी दर सारखाच असतो का, असं मी विचारलं. “सारखाच हो,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पाहुण्यावरून गडग्यापलीकडे बोलणं बंद व्हायचं.”

हा समान दर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. छोट्या गावात भावकीचं भांडण तीन पिढ्या टिकतं. एका घराला पाहुणे आणि शेजारच्याला नाहीत, असं दोन हंगाम झालं असतं तर त्या गड्याला रात्री जाऊन कुंपण मोडावंसं वाटलं असतं, आणि त्याला कुणी अडवूही शकलं नसतं. कासवांचा पैसा जेवढ्या चुलींपर्यंत पोचला तेवढे डोळे पुळणीवर राखणीला आले.

दुसरी गोष्ट, पिल्लांचा भरवसा नसतो. टोपली उचलली की कधी तीस बाहेर आलेली असतात, कधी एक, कधी नुसती वाळू. गावाने हे पहिल्यापासून स्पष्ट सांगायचं ठरवलेलं दिसतं : कासवं दिसतीलच असं नाही. आलेल्यांना ते पटतंच असं नाही. आमच्या पहिल्या संध्याकाळी दोरीमागे दीड-दोनशे माणसं उभी होती. कासवमित्राने एकेक टोपली उचलली, वाकून बघितलं, परत ठेवली. चौथ्या टोपलीनंतर मागून कुणीतरी जरा जोरात म्हणालं, आम्ही पुण्याहून सहा तास गाडी चालवत आलोय. त्याने मान वर न करता पाचवी उचलली. काही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अकरा पिल्लं होती. तळहातावर मावतील एवढी, काळपट, वाळूने माखलेली. पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात, थेट पाण्यात सोडत नाहीत; त्या चालण्यात किनाऱ्याची ओळख पटते असं अभ्यासक मानतात. पहिली लाट आली आणि नऊ गेली. एक उलटं पडलं, पुढच्या लाटेने सुलटं झालं. शेवटचं मात्र ओल्या वाळूवर बराच वेळ नुसतं मान वर करून थांबलं होतं, आणि दोरीमागची सगळी माणसं, ती सहा तासवालीसुद्धा, अगदी गप्प होती. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात.

वेळासहून हे काम केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर असं खाली सरकत गेलं, रायगड-सिंधुदुर्गातही रुजलं, आणि त्यात वनविभाग आणि त्याचा खारफुटी सांभाळणारा कांदळवन कक्ष उतरले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेवर असं यंत्र पहिल्यांदाच बसत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. त्यानंतरची बातमी तर आणखी मोठी. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, ही समजूत तिने एका रात्रीत हलवली.

वादळ

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऐन हंगामात पाहुणे थांबले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि मंडणगड-दापोली त्याच्या तडाख्यात सापडली. पोफळी ओळीने आडव्या झाल्या, नारळ शेंड्यात मोडले, कौलं उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. पण इथे वाडी मोजतात गुंठ्यात. चार-पाच गुंठ्यांत वर्षाचं पोट भरणारी बाग त्या हिशेबात जवळजवळ दिसेनाशी होते. त्यावर ओरड झाली, पुढे झाडामागे हिशेब धरला गेला. पोफळीला उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षं जातात, पारंपरिक नारळाला त्याहून जास्त. सत्तरीच्या माणसाने रोप लावायचं ते कुणासाठी, हा प्रश्न कोकणात घराघरात विचारला गेला.

म्हणून वेळासला बागेच्या जागी पर्यटन आलं असं म्हणणं मला पटत नाही. पाहुण्यांचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. अलीकडे काही वर्षी माद्या उशिरा आल्या आणि तो आणखी पुढे सरकला. वर्षाचे बाकीचे महिने वाडीच भरते. कासवाने या गावाला जगवलं असं नसून, वाडी आणि मुंबईची मदत यांच्यात जी फट पडत चालली होती ती थोडी बुजवली, इतकंच. पण गावात राहण्याला त्यातून एक कारण मिळालं, आणि ते बाहेरचं कुणी देणगीत दिलेलं नव्हतं.

आता चिंता आहे ती उजेडाची. सागरी महामार्गाचं आणि खाडीवरच्या पुलाचं बोलणं इथे कित्येक वर्षं चाललेलं आहे. गावाला रस्ता हवा आहे, आणि तो का हवा हे रात्री आजाऱ्याला घेऊन मंडणगडची वळणं चढलेल्याला विचारावं. पण रस्त्याबरोबर पुळणीजवळची जमीन विकत मागणारी माणसंही येतात. हॉटेल वाळूशेजारी झालं तर घराघरातला समान दर संपला आणि अंधारही संपला. माझं मत विचाराल तर सुरूच्या बनापासून गावापर्यंतच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम आणि दिवा दोन्ही नको, आणि हे गावाने आपल्या बैठकीत, विकायची वेळ येण्याआधी ठरवायला हवं. जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यातले बरेच मुंबईत आहेत. गणपतीला सगळे येतात, तेव्हा देवळात बसता येईल.

निघायच्या सकाळी मी परत पुळणीवर गेलो. गर्दी नव्हती, रविवारचे पाहुणे गेले होते. कासवमित्र एकटाच कुंपणात उकिडवा बसून टोपल्या उचलत होता. एका घरट्यावरची वाळू किंचित खचलेली होती, मधोमध बशीसारखी. त्याने तीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. “त्रेपन्नावा दिवस,” तो म्हणाला. “आतनं हलतायत. आज संध्याकाळी नाहीतर उद्या.”

घरी काकू वहीत आमचा हिशेब उतरवत होत्या. विचारलं, “झालं का दर्शन?” मी आज नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवीत दोन नारळ आणि रोठ्याच्या सुपारीची पुरचुंडी घातली, आणि खाटेवरच्या चादरी काढून धुवायला घेतल्या. संध्याकाळी बारा माणसं यायची होती.